वाटणाऱ्याचा नंबर शेवटी

सलग तिसऱ्या दिवशी मडावीबाबांना टेबलावरून खाली उतरवलं, तेव्हा मी कन्सोल रूमच्या दारातच उभी होते.

"रिकामी," मशीन चालवणारा रोशन स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "आजही रिकामी. ताई, तुमचा हा पेशंट नंबर आला की खर्रा घोटायले जाते बाहेर. तीनदा नाव पुकारलं माइकवर. आला नाई. आला तेव्हा लघवीची पिशवी रिकामी."

"तू पाहिलंस त्यांना तो तंबाखू-सुपारीचा खर्रा खाताना?"

"पाहाले कायले पाहिजे? चंद्रपुरात माणूस बाकावर नाई म्हणजे कुठी असते?"

मी भडकले. मला भडकायला फार लागत नाही. चंद्रपुरातल्या एका हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात मी पेशंट नेव्हिगेटर आहे. नाव मोठं आहे, काम साधं आहे. पेशंट वाटेत हरवू द्यायचा नाही. कागदात नाही, बसस्टँडवर नाही आणि डॉक्टरांच्या इंग्रजीतही नाही. त्याआधी कॉलेजची सगळी वर्षं ब्रह्मपुरीत संघटनेचं काम केलं. वसतिगृहाच्या मेसपासून वनहक्काच्या दाव्यांपर्यंत पत्रकं लिहिली. पत्रकाचा पहिला नियम असा, की पहिल्या ओळीत गुन्हेगार सापडला पाहिजे. दुसऱ्या ओळीत त्याचा धिक्कार. तिसरी ओळ लिहायची वेळ येईपर्यंत पोरं घोषणा देत निघालेली असतात.

तर इथेही मी पहिल्या ओळीतला गुन्हेगार शोधायला लागले. त्याआधी तुम्हाला दुखणं सांगते.

दसरूबाबा मडावी, वय अडुसष्ट, पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या जंगलकाठच्या गावचे. बरोबर बायको बिजाबाई, रोज. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली असलेली सुपारीएवढी ग्रंथी. वर्षभरापूर्वी नागपुरात ऑपरेशन करून ती काढून टाकली. ही ग्रंथी पीएसए नावाचा एक पदार्थ रक्तात सोडते. ग्रंथीच काढली तर रक्तातला पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. बाबांचा आला. मग हळूच वर चढला. पुन्हा तपासला, आणखी चढलेला. बाबांना ना दुखत होतं ना खुपत होतं. पण चढता आकडा याचा अर्थ ऑपरेशनच्या जागी कुठेतरी कॅन्सरच्या पेशी उरल्या असाव्यात. आकडा लहान आहे तोवर त्या जागेवर रेडिएशन दिलं, तर त्या संपवण्याची चांगली संधी असते. आकडा वाढू दिला तर संधी कमी होत जाते.

आमच्याकडे रेडिएशनला कोणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात. बाबांना तेहतीस शेक होते. सोमवार ते शुक्रवार, रोज एक.

पहिल्या दिवशी मी बाबांना हे समजावत होते. "गाठ काढली ना? मंग शेक काऊन?" त्यांनी विचारलं. मी पेशी, आकडा, सूक्ष्म वगैरे सुरू केलं. बाबांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि बिजाबाईंकडे वळून म्हणाले, "सरवा हाय वो. धान कापून नेलं, बांधीत दाणे सांडले. ते वेचाचे."

माझ्या चार पानी माहितीपत्रकात ही ओळ नव्हती. आता आहे.

आता पिशवीचं प्रकरण. ज्या जागेवर शेक द्यायचा तिच्या वर लघवीची पिशवी, बाजूला आतडी. पिशवी भरलेली असली की ती आतड्यांना वर ढकलून ठेवते, आणि तिचा स्वतःचाही बराच भाग शेकाच्या वाटेतून बाजूला होतो. म्हणून सुरुवातीला भरल्या पिशवीवर एक सीटी स्कॅन करतात, त्यावरून सगळं गणित मांडतात, आणि मग रोज पिशवी साधारण तेवढीच भरलेली लागते. पद्धत अशी, की आधी लघवी करून यायची, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं, मग पाऊण तास थांबायचं. टेबलावर झोपवलं की मशीन आधी एक छोटा स्कॅन घेते. तो पहिल्या चित्राशी जुळला तरच शेक. पिशवी रिकामी दिसली तर उतरा खाली.

खाली उतरवलं म्हणजे पुन्हा पाणी, पुन्हा पाऊण तास, मग मशीन मोकळी असेल तेव्हा दुपारी कधीतरी शेक. तोवर दोनची बस गेलेली. पुढच्या बसने फाट्यावर उतरायचं आणि तिथून गाव चालत. त्या भागात अंधार पडल्यावर वाघाचं नाव कोणी घेत नाही, इतका तो जवळ असतो. त्यातल्या एका दिवशी तर मशीन मोकळी झालीच नाही. शेक न घेताच दोघं परत गेली.

डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मॅडम शांत आहेत. त्या ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना मजा येत नाही.

"मडावींचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"त्यांची चूक नाहीये मॅडम."

"चूक कुणाची हे मी विचारलंच नाही. रिकाम्या पिशवीवर बीम देऊन मी त्यांची आतडी भाजणार नाही. आणि रोज असा खंड पडला तर शेक घेण्यात अर्थ राहणार नाही. शुक्रवारपर्यंत बघते. नाही जमलं तर नागपूरला पाठवते, पत्र तयार ठेव. तिथे ॲडमिट राहून घेतील."

"ते नागपूरला जाणार नाहीत. ऑपरेशनच्या वेळेस तीन आठवडे राहून आले, तेव्हाच बोलले आहेत, आता नागपूर नाई म्हणून."

"मग तर शुक्रवारपर्यंत जमवच," मॅडम म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

दिवस मंगळवार. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस. नाही जमलं तर बाबा गावी परत जाणार आणि तो आकडा त्यांच्या रक्तात निवांत चढत राहणार.

मी गुन्हेगार शोधला. तो शोधायला लांब जावं लागलं नाही. वेटिंग हॉलच्या कोपऱ्यात वॉटर कूलर आहे. त्याच्यावर 'दुरुस्तीचे काम सुरू आहे' असा कागद चिकटवलेला, आणि तो कागद इतका जुना की त्याचाच रंग उडालेला. पेशंटला सांगता अर्धा लिटर पाणी पी, आणि हॉलमध्ये पाणी नाही! मला एकदम सगळं स्पष्ट झालं. मी दोन पानी निवेदन लिहिलं. मथळा होता 'तहानलेल्यांना तहानेचीच शिक्षा'. त्यात आदिवासी पेशंटवर खर्रा खाण्याचा आरोप करणाऱ्या मानसिकतेचाही समाचार घेतला. रोशनने ते वाचलं आणि विचारलं, "मानसिकता म्हणजे मी काय?"

"हो."

"मंग 'काही कर्मचारी' कायले लिहिलं? नाव टाका ना. माही आई तरी वाचन."

निवेदन प्रशासनाला दिलं, वर तासभर त्यांच्या दारात बसले. बुधवारी सकाळी मेकॅनिक आला. कूलर सुरू झाला. मी स्वतः मोजून अर्धा लिटरची बाटली भरून बाबांच्या हातात दिली. त्यांनी माझ्यासमोर ती संपवली आणि "गोड लागते वो पाणी" असं सर्टिफिकेटही दिलं. मी विजयी मुद्रेने ओपीडीत निघून गेले.

दीड तासाने रोशनचा फोन आला. "ताई, कूलर मस्त चालू हाय. पिशवी रिकामी."

गुन्हेगाराला शिक्षा झाली होती आणि गुन्हा तसाच सुरू होता.

गुरुवारी मी जे केलं ते मंगळवारीच करायला हवं होतं. सकाळी नऊला वेटिंग हॉलच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. फाइल नाही, फोन नाही. फक्त बसले.

आमचा हॉल कन्सोल रूमला काटकोनात आहे. आतून बाकं दिसत नाहीत. रोशन माइकवर नाव पुकारतो आणि माणूस चालत आत येतो, एवढंच त्याला माहीत; पुकारलेला आला नाही तर दारात जो येईल त्याला घेतो. बाबांनी वेळेवर पाणी प्यायलं. पाऊण तास झाला. माइक बोलला, "दसरू मडावी."

बाबा ताठ बसलेले. त्यांनी शेजारच्या बाईकडे मान वळवली. "जा माय तू. तुले कुरखेड्याची बस हाय."

ती बाई गेली. पंधरा मिनिटांनी पुन्हा, "दसरू मडावी." बाबांनी घशात नळी घातलेल्या एका माणसाकडे बघून हात केला. "जा बापा. तुले बसवत नाई." तोही गेला. तिसऱ्या वेळी नाव आलं तेव्हा बाबांनी भद्रावतीच्या एका धडधाकट कॉलेजच्या पोरीला पाठवलं, कारण तिची परीक्षा होती. आणि मग स्वतः उठून, धोतर सावरत, घाईघाईने संडासाकडे गेले. आले ते मोकळे होऊन. मग टेबलावर झोपायला एकदम तयार.

माझ्या शेजारी बिजाबाई येऊन बसल्या होत्या. "रोजच अस्सं?" मी विचारलं.

"रोजच तं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही आम्हाला?"

"तुमी इचारलंच नाई. तुमी पाण्याचं इचारलं, पाणी तं पेते ना थे."

मग त्यांनी हळू आवाजात बाकीचं सांगितलं. ऑपरेशनपासून बाबांना लघवी जास्त वेळ थांबत नाही. हे या ऑपरेशननंतर अनेकांचं होतं. ते धोतराच्या आत फडक्याची घडी ठेवतात. पाऊण तास निघतो, त्यापुढे प्रत्येक मिनिट कठीण. हे त्यांनी रोशनला सांगितलं नव्हतं आणि माझ्यासारख्या नातीच्या वयाच्या पोरीला तर मुळीच नाही.

"पण दुसऱ्याला नंबर का देतात?"

बिजाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, ही पोरगी शिकलेली आहे म्हणतात ते कशावरून! "अवो, त्यायच्या घराण्याकडे वाटप हाय ना. गावात पूजा असो, पंगत असो, वाटा त्यायच्याच हातचा. आजाकडे होता, बापाकडे होता, आता यायच्याकडे. वाटणारा मंग जेवते. सगळ्यायचं झाल्यावर. लोकं बसले हायेत अन् वाटणारा पयले ताटावर बसला, असं कधी पाहिलं काय?"

बाबा टेबलावरून उतरवले जाऊन परत आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सभेत बोलते तशी बोलले. तुमचा नंबर तुमचा आहे, तो तुमचा हक्क आहे, तो कोणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

बाबा पूर्ण ऐकून हसले. "माह्या हाय ना हक्क?"

"हो!"

"कोणी काढून नाई घेतला. म्याच देऊन राह्यलो."

सहा वर्षं हक्कांवर भाषणं दिली. मी सरळ कँटीन गाठलं.

कँटीनमध्ये चहा घेताना रोशन समोर येऊन बसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे खर्रा नाई खात थे बाबा."

"नाही."

"सॉरी म्हणाव लागन."

"म्हण. पण उद्याचं काय? मी सांगितलं तर ते 'हो' म्हणतील, आणि समोर कुणी कण्हलं की पुन्हा नंबर देऊन मोकळे."

रोशन फॅक्टरी कॉलनीत वाढलेला. घड्याळ त्याच्या रक्तात आहे. तो म्हणाला, "ताई, त्यायले पयले नाई जाचं, तं नका जाऊ देऊ ना पयले. सकाळच्या बॅचचा शेवटचा नंबर देऊन टाकतो. पाण्याची वेळ मागून मोजाची."

इतकं सोपं. एका पेशंटला साधारण पंधरा मिनिटं लागतात. बाबांच्या पुढे तिघं उरले की बाबांनी मोकळं होऊन यायचं आणि पाणी प्यायचं. तिघं आटोपेपर्यंत पाऊण तास. पावणेएकला बाबा टेबलावर, दोनची बस हातात. मी दोन पानं लिहिली होती. उपाय एका ओळीचा निघाला, आणि तो 'काही कर्मचारी' यांनी काढला.

शुक्रवारी सकाळी मी बाबांना म्हणाले, "बाबा, आजपासून हॉलची वाटणी तुमच्याकडे. कोणाचा नंबर कधी, कोणी पाणी कधी प्यायचं, ते तुम्ही बघायचं. तुम्ही सगळ्यात शेवटी."

"हे बरोब्बर हाय," बाबा म्हणाले. जणू इतके दिवस आम्हीच हट्टाने काहीतरी उलटं करत होतो. रोशनने यादी वाचून दाखवली, ती बाबांनी एकदाच ऐकून पाठ केली. मग हॉलमध्ये जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. "ए बापा, तुह्यं पाणी झालं काय? मंग बाटली उचल." "माय, तू तयार राय, आता तुह्या नंबर." नाव पुकारायच्या आत माणूस दारात उभा. रोशन आतून म्हणाला, "ताई, माही नोकरी गेली वाटते."

पुढे तिघं उरले. बाबा जाऊन आले, पाणी प्यायले. दोघं उरले. एक उरला. तो आत गेला. डॉक्टर मॅडम स्वतः कन्सोलजवळ येऊन बसल्या होत्या. शुक्रवार होता.

आणि हॉलचं दार धाडकन उघडून धानोऱ्याच्या शांताबाई आत आल्या. त्यांचा स्तनाच्या कॅन्सरचा शेक चालू होता. नंबर सकाळी दहाचा, आणि बस वाटेत पंक्चर. घामाघूम, चप्पल हातात, डोळ्यांत पाणी. "झालं काय वो सगळं? माहा शेक हुकला काय?"

बाबांच्या पाण्याला चाळीस मिनिटं झाली होती. आता ते म्हणणार, जा माय तू. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार? हक्क? तो तर काल संपला होता.

बाबांनी शांताबाईंना बाकावर बसवलं. बिजाबाईंना त्यांना पाणी द्यायला सांगितलं. मग स्वतः उभे राहिले, अंगरखा ओढला आणि म्हणाले, "बस माय. पंगत उठली हाय. आता वाटणारा बसते. एकदा वाटणारा ताटावर बसला का त्याले कोणी उठवत नाई. माह्यं झालं का तुले वाढतो."

आतून माइक बोलला, "दसरू मडावी."

"आलो रे पोट्टेहो!" म्हणत बाबा आत गेले.

मी धावत कन्सोलला. बाबा टेबलावर झोपले. पोटावर आणि कमरेच्या बाजूंना मशीन जुळवायला तीन निळे ठिपके गोंदलेले असतात, त्यांवर लेझरच्या रेघा आल्या. (पहिल्या दिवशी ते ठिपके बघून बाबा म्हणाले होते, "बायकोच्या हातभर गोंदन, अन् मले तीनच?") मशीनचा हात त्यांच्याभोवती एक फेरी फिरला. स्क्रीनवर चित्र उमटलं. पिशवी भरलेली, गोल, पहिल्या स्कॅनच्या रेघेत बरोबर बसलेली. आतडी वर, लांब.

रोशनने दोन्ही हात वर केले, क्रिकेटमध्ये अंपायर सिक्सर देतो तसे. मॅडम म्हणाल्या, "द्या." मग उठताना माझ्याकडे बघून, "नागपूरचं पत्र फाडून टाक."

शेक संपायला काही मिनिटंच लागली. बाबा बाहेर आले ते सरळ संडासाकडे, आणि तिथून सरळ शांताबाईंकडे. "जा माय. आता तुह्या नंबर." रोशनने जेवणाचा डबा बाजूला सारला आणि शांताबाईंचा शेकही झाला. मग तो बाबांसमोर येऊन उभा राहिला. "बाबा, सॉरी. मले वाटलं तुमी खर्रा खाले जाता."

"खातो ना," बाबा म्हणाले. "पण घरी गेल्यावर."

मॅडमनी ते ऐकलं आणि पुढची दहा मिनिटं बाबांना खर्र्यावर जे ऐकावं लागलं, ते माझ्या कोणत्याही पत्रकापेक्षा जहाल होतं.

त्यानंतर बाबांचा एकही दिवस हुकला नाही. शेवटच्या आठवड्यात लघवीला जळजळ झाली, दिवसातून दोन-तीनदा जास्त जावं लागलं. शेकाचं ते होतंच, औषधाने उतरलं. तेहतिसाव्या शेकाच्या दिवशी बाबा बोरांची पिशवी घेऊन आले. हॉलमधल्या प्रत्येकाला, रोशनला, मॅडमना, झाडू मारणाऱ्या मावशींना, मला. पिशवी उलटी केली तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन बोरं उरली. त्यातलं एक बिजाबाईंना दिलं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं, आकडा उतरलेला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर यंत्राला जेमतेम दिसेल एवढासा. यापुढेही तपासत राहायचं आहे, कॅन्सरच्या बाबतीत कोणी शपथ घेत नाही. रिपोर्ट मी फोनवर सांगितला तेव्हा बाबा धानाच्या बांधीत होते. "म्हणजे सरवा वेचून झाला," ते म्हणाले. "आता दुसऱ्यायचं पाह्य माय."

आमच्या विभागात आता प्रत्येक प्रोस्टेटच्या पेशंटला नंबर देण्याआधी विचारतात, की किती वेळ थांबवतं, बस कितीची आहे, आणि तुम्ही पुढे बसणारे की मागे. नंबराच्या कागदावर पाण्याची वेळही लिहिलेली असते.

मी अजून भडकते. फक्त निवेदन लिहिण्याआधी एक सकाळ मागच्या बाकावर काढते. परवा कूलर पुन्हा बंद पडल्याचं कळलं. मी सकाळभर बसले, नीट बघितलं, चारचौघांना विचारलं.

कूलर खरोखरच बंद आहे. निवेदन तयार आहे. या वेळी रोशनचीही सही आहे.